‘नुसती’ हा शब्द आधी मागे घ्या

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलीनं डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा तिसऱ्यांदा द्यावी असं तुम्हाला वाटतं. तिला जन्मजात हृदयदोष असलेल्या तान्ह्या बाळांची नर्स व्हायचंय. ‘नुसती नर्स होण्याचं खूळ तिच्या डोक्यातून काढा,’ असं तुम्ही लिहिता. तिच्या गुणांची मला काळजी नाही. अख्ख्या पत्रात तिचं स्वतःचं एकही वाक्य नाही, याची आहे. दोन वर्षं तिनं तुमच्यासाठी दिली. तिसरं मागू नका.

‘डॉक्टर सांगतील ते द्यायचं, त्यात काय डोकं लागतं?’ या तुमच्या प्रश्नाचं उत्तर मात्र सविस्तर द्यायला हवं. या बाळांना दूध ओढतानाच धाप लागते, कपाळावर घाम येतो. 20 ते 30 मिनिटांत दूध संपलं नाही, तर उरलेलं बहुधा नळीनं देतात. बाळ ओढतच राहिलं तर पोटात गेलेली ताकद ओढण्यातच खर्च होते. वजन रोज त्याच काट्यावर, त्याच वेळी, दुधाआधी, कपडे काढून घ्यायचं. ते एका दिवसात भरकन वाढलं की घरचे खूश होतात. नर्सला अंगात पाणी साठल्याची शंका येते. म्हणून ती ओला डायपरही तोलते: कोरड्यापेक्षा वाढलेला 1 ग्रॅम म्हणजे साधारण 1 मिली लघवी. डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध देण्याआधी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण मिनिटभर ठोके मोजायचे. ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा कमी भरले तर डोस रोखून डॉक्टरांना कळवायचं. सलाइनच्या नळीतला बारीक बुडबुडासुद्धा सोडायचा नाही. हृदयाच्या पडद्याला छिद्र असेल तर ती हवा फुफ्फुसात न अडकता मेंदूपर्यंत जाऊ शकते. फॅलोट्स टेट्रालॉजी, म्हणजे रक्तात ऑक्सिजन कमी पडणारा जन्मजात हृदयदोष, असलेलं बाळ रडता रडता निळं पडलं, तर गुडघे छातीशी दुमडून धरायचे, शांत करायचं, ऑक्सिजन लावायचा, डॉक्टरांना हाक मारायची. डॉक्टर पोहोचेपर्यंत बाळ नर्सच्याच हातात असतं.

रस्ता सरळ आहे: नर्सिंगची पदवी, नोंदणी, नवजात किंवा बालरुग्ण अतिदक्षता विभागाचा अनुभव.

तिला विचारायचे प्रश्न वेगळेच आहेत. रात्रपाळी झेपेल का? दशांश चिन्ह एक घर सरकलं की डोस दहापट होतो. प्रत्येक वेळी तेच गणित दुसऱ्या नर्सकडून तपासून घ्यायचा कंटाळा येणार नाही ना? काही बाळं शस्त्रक्रियेनंतरही वाचत नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याच खाटेवरच्या नव्या बाळाला तितक्याच शांतपणे हात लावता येईल का?

उत्तरं तिनं लिहून पाठवावीत. पाठवण्याआधी तुम्ही ती वाचू नका.