“मॅडम, ही तर कॅन्सरची गोळी!”

सांगलीकडची एक शिक्षिका, लग्नाला चार वर्षं झालेली. पाळी दोन-दोन महिने लांबायची आणि निदान पीसीओएसचं, म्हणजे संप्रेरकांच्या बिघाडामुळे बीज वेळेवर न पिकण्याचं. डॉक्टरांनी पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून पाच दिवस लेट्रोझोल हे बीज पिकवायचं औषध लिहून दिलं होतं. तिने ते घेतलंच नाही. मोबाईलवर गोळीचं नाव शोधून नणंदेनं विचारलं होतं, “अगं, ही स्तनाच्या कॅन्सरची गोळी. तुला नक्की झालंय काय?”

“डॉक्टर माझ्यापासून काही लपवतायत का?” माझ्याकडे आल्यावर तिने आधी हेच विचारलं.

ही भीती घेऊन कितीतरी जणी येतात, आणि ती निराधार नाही. औषध मुळात स्तनाच्या कॅन्सरसाठीच आलं. भारतात 2011 मध्ये वंध्यत्वासाठी त्याच्यावर बंदीही आली होती. ती 2017 मध्ये उठली.

मी तिला गोळी काय करते ते सांगितलं. पीसीओएसमध्ये स्त्रीबीजं असतात. सोनोग्राफीत दिसतात त्या गाठी नव्हेत, वाढ अर्धवट थांबलेले बीजकोश, म्हणजे बीज असलेल्या बारीक पिशव्या असतात. लेट्रोझोलमुळे इस्ट्रोजेन थोडे दिवस उतरतं, मग मेंदूकडून एफएसएच हे संप्रेरक जास्त सुटतं आणि एखादं बीज पिकून बाहेर पडतं. गर्भ रुजायची वेळ येईपर्यंत औषध बहुतांशी शरीरातून निघून गेलेलं असतं. अमेरिकेत पीसीओएस असलेल्या 750 स्त्रियांचा मोठा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. पाच पाळीचक्रांपर्यंतच्या उपचारात लेट्रोझोल घेणाऱ्या 27.5 टक्के जणींना मूल झालं, क्लोमिफेन या त्याच कामाच्या जुन्या गोळीवर 19.1 टक्के जणींना. बाळांमधल्या जन्मजात दोषांत लक्षणीय फरक नव्हता. म्हणजे हमी नाही, हेही मी तिला स्पष्ट सांगितलं.

वजनाचा विषय तिनेच काढला. घरी रोज बोलणी खात होती. पाच टक्के वजन उतरलं तरी अनेकींची पाळी सुधारते, हे खरं. पण टोमण्यांनी कुणाचं वजन उतरलेलं मी पाहिलेलं नाही.

मग मी विचारलं, “मिस्टरांची वीर्यतपासणी?” ती झालेलीच नव्हती. चार वर्षं सगळ्या तपासण्या, सगळे उपवास-नवस तिचेच! मला याचा खरोखर संताप येतो. ही साधी तपासणी पहिल्याच भेटीत व्हायला हवी. आधी ती करून या, असं मी दोघांनाही सांगितलं.

त्यांचा रिपोर्ट चांगला आला. पुढच्या पाळीला तिने गोळ्या घेतल्या. सोनोग्राफीत एक बीजकोश नीट वाढलेला दिसला, तो फुटून बीज बाहेरही पडलं. त्या महिन्यात दिवस राहिले नाहीत. डॉक्टरांनी तोच डोस पुढे चालू ठेवला आहे.