पहिली तार टोचते म्हणून प्युअर निकेल? थांब जरा

तुझी स्ट्रॅट, म्हणजे फेंडरची स्ट्रॅटोकास्टर इलेक्ट्रिक गिटार, त्यावर ९-४२ चा निकेल प्लेटेड तारांचा सेट (सगळ्यात बारीक तार इंचाच्या ९ हजारांश जाड, सगळ्यात जाड ४२ हजारांश). सोलोत पहिली, म्हणजे सगळ्यात बारीक तार कानाला टोचते आणि कुणीतरी सांगितलंय, प्युअर निकेल लाव, आवाज गोड होईल. नाही होणार, निदान त्या तारेचा तरी.

निकेल प्लेटेड, प्युअर निकेल, स्टेनलेस ही सगळी भाषा जाड तीन तारांची. आत पोलादाचा गाभा आणि त्यावर त्या धातूची गुंडाळी. बारीक तीन तारा बहुतेक सेटमध्ये साध्या पोलादाच्याच, वर कथलाचा मुलामा. म्हणजे जादा पैसे देऊन तू बदलणार जाड तारा, आणि टोचतेय पहिली!

जाड तारांवर मात्र फरक कळतो. प्युअर निकेलची धार कमी, कॉर्ड मऊ लागतात. स्टेनलेस मी एकदाच लावली. आवाज लखलखीत, पण बोटाखाली खरखर, आणि फ्रेटही लवकर झिजतात. परत प्लेटेडवर आलो.

पहिल्या तारेला अंग हवं असेल तर गेज, म्हणजे तारेची जाडी वाढव. सूर तोच ठेवला तर ताण जाडीच्या वर्गाच्या हिशेबात वाढतो. स्ट्रॅटवरच्या तारेच्या साडेपंचवीस इंच लांबीवर ९ ची पहिली तार साधारण ६ किलोने ओढते, १० ची सव्वासात किलोच्या पुढे. पहिला आठवडा बेंड करताना (तार ओढून सूर चढवताना) बोटं शिव्या देतील. मधला मार्ग म्हणून साडेनऊचे सेटही मिळतात. गेज वाढवलं की ट्रेमोलोचा ब्रिज (दांडीने हलणारी, स्प्रिंगवर तोललेली घोडी) पुढे उचलला जातो. मागच्या स्प्रिंगचे स्क्रू आवळ, मग इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागतो का, ते बघ.

आणि तुलना नव्या तारेची नव्या तारेशीच कर. आपल्या सांगलीत जुलैत घामट बोटांनी वाजवलं की महिन्याभरात तारेच्या पोटाला काळपट खरखर येते. नख फिरवून बघ, लागेल. तसल्या तारा काढून कुठलाही नवा सेट लावला तरी 'टोन सुधारला' असंच वाटतं.

मिरजेत एका सतारमेकरांकडे गिटार घेऊन गेलो होतो, निव्वळ गप्पा मारायला. त्यांनी तंबोऱ्याच्या खर्जाची पितळी तार दिली, म्हणाले, लावून बघा. घरी लावली. नुसती छेडली की छान घुमायची, अँपमधून जवळजवळ काहीच नाही. पितळ चुंबकाला दाद देत नाही, मग तारांखालचा चुंबकी पिकअप बिचारा काय ऐकणार! पण खरं शिकलो ते त्यांच्या घोडीपाशी. तार तीच, फक्त खालचा दोरा केसभर सरकवला आणि मुका तंबोरा बोलायला लागला. तेव्हापासून तारेला दोष द्यायच्या आधी बाकीचं तपासतो.

तुझ्या बाबतीत माझा संशय वायरिंगवर आहे. जुन्या पद्धतीच्या स्ट्रॅटमध्ये ब्रिज पिकअपला (घोडीजवळच्या पिकअपला) टोनचा नॉबच जोडलेला नसतो. तू नॉब कितीही फिरव, त्या पिकअपवर ढिम्म फरक पडत नाही. स्विचपाशी वायरचा एक छोटा तुकडा डाखला की काम होतं, रेडिओ दुरुस्तीवालाही करून देईल. शिवाय पिकअपची पहिल्या तारेकडची बाजू, स्क्रू अर्धा फेरा फिरवून, खाली घे. एवढं करून बघ, आणि सोलो कुठल्या पिकअपवर वाजवतोस तेही लिही.