आजीची वावटळ आणि तुझा टोर्नेडो

प्रिय चिनू,

तुझा मेसेज वाचून आधी मी आणि आई दोघं हसलो. तू आजीला फोनवर सांगितलंस की ओक्लाहोमात टोर्नेडोची वॉर्निंग आलीये, सायरन वाजतोय, आणि आजी म्हणाली, "अरे वावटळच ना, डोळे मिटून गप उभा रहा, जाईल." आणि आता तू मला विचारतोयस की बाबा, मराठीत वादळाला एवढेच शब्द आहेत का?

आजीचं काही चुकलं नाही रे, तिनं जे बघितलंय ते ती सांगते. तिच्या माणदेशात एप्रिलच्या भर दुपारी, आभाळात ढगाचं नाव नसताना, तापलेल्या रानातून धुळीचा खांब उठतो, पाचोळा, कागद, वाळत टाकलेली चिरगुटं गरगरा फिरवत बांधावरून पळत सुटतो आणि बघता बघता विरून जातो, ती वावटळ. आत भूत असतं म्हणून तिकडं पोरांना घाबरवायचे. ती जमीन तापून खालून वर उठते आणि तुझा टोर्नेडो गडगडाटी ढगातून खाली उतरतो, त्यामुळे दोन्ही गरगर फिरत असले तरी जात वेगळी. टोर्नेडोला आपण टोर्नेडोच म्हणायचं, मराठी पेपरवालेही तेच लिहितात. चक्रीवादळाला भूगोलाच्या पुस्तकात 'आवर्त' म्हणायचे, पण परीक्षेचा पेपर लिहून झाल्यावर तो शब्द मी कुणाच्या तोंडी ऐकला नाही.

घाटावर वादळ म्हणून खरं जे येतं ते वळवाचं. एप्रिल-मेमध्ये सकाळपासून नुसता उकाडा, पान हलत नाही, जनावरंसुद्धा सावलीत धापा टाकत बसलेली, आणि चारच्या सुमाराला उगवतीकडून आभाळ काळंभोर होऊन येतं. आधी सोसाट्याचा वारा, तोंडात धूळ, कुणाच्या तरी गोठ्याचा पत्रा उडाल्याचा आवाज, मग टपाटप मोठाले थेंब, विजा, कधी गारा, आणि तासाभरात सगळं गार. पोरं गारा वेचायला पळतात, आंब्याच्या बागवाल्याचा जीव मात्र टांगणीला लागतो. आता गंमत बघ, हाच पाऊस, ह्याच गारा, फेब्रुवारी-मार्चमध्ये आल्या तर त्याला कुणी वळीव म्हणणार नाही, तो 'अवकाळी'. तेव्हा गहू, हरभरा काढणीला आलेला, नाशकाकडं द्राक्षं वेलीवर, सगळं भुईसपाट. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये अशी गारपीट झाली होती की मराठवाडा-विदर्भात हाताशी आलेलं पीक गेलं, तेव्हापासून पेपरात अवकाळी हा शब्द दिसला की पुढं पंचनामे आणि नुकसानभरपाई हे आलंच. म्हणजे बघ, वारा ताशी किती मैलांचा ह्यावरून इकडं अमेरिकेत हरिकेनची कॅटेगरी ठरते, आपल्याकडं तो रानात काय उभं असताना आला ह्यावरून नाव पडतं. मला तरी ही पद्धत जास्त शहाणपणाची वाटते.

नक्षत्रांचंही तसंच आहे. मृग लागतो 7-8 जूनला, आजी मिरग म्हणते, आणि पुढं दर तेरा-चौदा दिवसांनी नक्षत्र बदलतं. जुलैत पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, त्याच्यामागून पुष्याचा म्हातारा, ऑगस्टमध्ये मघाचा सासूंचा आणि लगेच पूर्वाचा सुनांचा! शेवटी सप्टेंबरअखेरीला हस्ताचा, म्हणजे हत्तीचा, गडगडाट करत येणारा. मंडळाच्या भोंडल्यात मधोमध हत्ती काढतात आणि ताई भोवती नाचायची ना, तो हाच हत्ती. पंचांगात बेडूक, म्हैस अशी वाहनं देऊन पाऊस किती पडणार ते सांगतात त्यावर माझा काडीचा विश्वास नाही, पण नक्षत्रं सूर्यावर चालतात त्यामुळे तारखा मात्र दरवर्षी जागच्या जागी येतात. विदर्भात चार-चार दिवस न थांबता बारीक पाऊस लागून राहिला की ती झड. मळभ, रिपरिप, भुरभुर हे तर तुला आईमुळे माहितीच आहे.

आता माझं गाव कोकणातलं, तिकडची भाषा समुद्राची. रात्री जमिनीवरून दर्याकडं वाहतो तो मतलई वारा, दिवसा उलटा येतो तो खारा, शिडाच्या होड्या मतलईवर बाहेर पडायच्या. अमावस्या-पुनवेची मोठी भरती म्हणजे उधाण, आणि बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला की बोटी किनाऱ्याला. भर पावसाळ्यात दर्या खवळलेला असतो पण चक्रीवादळ सहसा होत नाही, कारण तेव्हा खालचे आणि वरचे वारे वेगवेगळ्या दिशांनी जोरात वाहत असतात, वादळाला उभंच राहू देत नाहीत. ती येतात पावसाळ्याच्या तोंडाशी नाहीतर नंतर. फयान 2009 च्या नोव्हेंबरात आलं, तौक्ते 2021 च्या मेमध्ये किनाऱ्याला घासून गुजरातला गेलं. आणि निसर्ग आलं 3 जून 2020 ला, ताशी 100 किलोमीटरच्या वर वारा, श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या एका दुपारीत आडव्या. पोफळ लावली की सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात, त्यामुळे पत्रे परत बसले तरी वाडीवाल्याचं घर लवकर सावरत नाही. नाव बांगलादेशनं सुचवलेलं, 13 देश मिळून यादी करतात. आपल्याच वाड्या मोडणाऱ्याला निसर्ग म्हणायचं हे मला अजून पटत नाही, भारतानं दिलेल्या नावांतलं 'प्रभंजन' कसं भारदस्त वाटतं!

इथं ह्यूस्टनला 2024 च्या मेमध्ये तो डेरेचो आला, सरळ रेषेत सुसाटत येणारा वारा, डाऊनटाऊनच्या काचा फुटल्या, त्याला झंझावात म्हणालास तर चालेल. आणि हे बघ, सायरन वाजला की आजीचं ऐकून डोळे मिटून उभा राहू नकोस. सगळ्यात खालच्या मजल्यावर, खिडक्यांपासून लांब, बाथरूममध्ये नाहीतर कपाटाच्या खोलीत जायचं, बाल्कनीत जाऊन व्हिडिओ काढायचा नाही. शनिवारी दुपारी बाराला वाजतो तो टेस्टचा, तेव्हा आजीला फोन लाव आणि तिला तो भोंगा ऐकव एकदा.

तुझा,
बाबा