आधी फॉर्म बघ, मग तक्ता

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, सोबतचे तक्तेही पाहिले. तुझ्या विडी कामगारांच्या नमुन्यात स्त्री-पुरुष मजुरीतली तफावत शून्याच्या आसपास निघाली. मार्गदर्शक म्हणाले, 'तफावतच नाही, तर प्रबंध लिहिणार कशावर?' आणि आता तू सोलापूर सोडून देशपातळीवरच्या आकडेवारीवर काम करायचं म्हणतेस. जरूर कर. पण इथे काही सापडलं नाही म्हणून जाऊ नकोस. तुला सापडलेलं आहे आणि ते तुझं तुलाच दिसत नाही, याचा मला राग आला आहे.

विडीची मजुरी हजारी ठरते. वळणारी बाई असो की बुवा, हजाराचा दर तोच. मग तफावत निघणार कुठून? आता तुझाच नमुना उघड आणि पुरुष किती आहेत ते मोज. सोलापूरच्या पूर्व भागात, विडीवाल्यांच्या वस्तीत, सूप मांडीवर घेऊन पानं कातरत बसलेले पुरुष तू किती पाहिलेस? पुरुष यंत्रमागावर आहेत. चादरीच्या, टॉवेलच्या कारखान्यांतही बाई दिसते, ती कांड्या भरताना, शिलाईला, घडी घालताना. मागावर क्वचितच. समान वेतनाचा नियम १९७६ च्या कायद्याने आला, आता तो वेतन संहितेत आहे. तो सारख्या किंवा सारख्या स्वरूपाच्या कामाला सारखा मोबदला मागतो. जिथे त्या कामाला पुरुष फिरकतच नाही, तिथे तुलना करणार कोणाशी? कायदा पाळला जातो, तुझा तक्ता शून्य दाखवतो, आणि बाई आहे तिथेच राहते. तुझा प्रबंध हा आहे!

मी तुला एम. ए.च्या पहिल्या वर्षापासून एकच गोष्ट सांगत आले. आधी फॉर्म बघ. प्रश्न काय होता, कोणाला विचारला, उत्तर कोणी दिलं. तक्ता त्यानंतर.

तू फॉर्ममध्ये विचारलंस, 'रोज किती विड्या करता?' उत्तर आलं, हजार. तू हजाराचा दर लिहिलास आणि त्याला रोजची मजुरी म्हणालीस. अगं, हजार विड्या म्हणजे सरावलेल्या बाईचासुद्धा जवळजवळ अख्खा दिवस. त्यात पानं भिजवणं आहे, पत्रा ठेवून कातरणं आहे, दुसऱ्या दिवशी कारखान्यात जाऊन रांगेत उभं राहणं आहे. तिथे खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे मिळत नाहीत आणि पानं कमी पडली तर ती पदरची आणावी लागतात. आणि त्या हजारातल्या किती तिच्या? शाळेतून आलेली मुलगी विड्यांची तोंडं बंद करते, सासू दोरा बांधते. कारखान्याचं कार्ड एकीचं, हात तिघींचे. हजारी दराला तासांनी भाग, मग हातांनी भाग, आणि तो आकडा यंत्रमागावरच्या पाळीच्या तासांशी लावून बघ. तफावत शून्य आहे का ते मग मला सांग.

आता तुझ्या देशपातळीच्या बेताकडे येते. तू ओहाका आणि ब्लाइंडर या अर्थतज्ज्ञांची १९७३ ची पद्धत वापरणार आहेस. तफावतीचा एक भाग शिक्षण, अनुभव वगैरेंनी समजावायचा आणि उरलेला भाग भेदभावाच्या संशयाखाली ठेवायचा. पद्धत चांगली आहे, मीही शिकवली. पण 'वगैरे' मध्ये तू व्यवसाय घातलास की बाई विडीत आणि बुवा मागावर ही सोलापूरची सगळी गोष्ट 'समजावलेल्या' रकान्यात जाऊन बसते. काही समजावलेलं नसतं, फक्त रकाना बदललेला असतो. व्यवसाय धरून आणि व्यवसाय वगळून असे दोन्ही आकडे शेजारी छाप, आणि मधलं अंतर कुठून येतं ते लिही.

त्याहून मोठी गोष्ट. सरकारच्या नियतकालिक श्रमबल पाहणीच्या (पीएलएफएस) फायली उतरवून घेशील आणि पगारदार व रोजंदारीवाले तेवढे ठेवून बाकीचे गाळशील. सगळे तसंच करतात. त्यात आपली विडीवाली गळून जाईल, कारण घरी बसून दुसऱ्याच्या मालावर नगावारी काम करणाऱ्यांना ही पाहणी स्वयंरोजगारात धरते. पान कारखान्याचं, तंबाखू कारखान्याची, दर कारखान्याचा, आणि बाई स्वयंरोजगारवाली! १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने (तो आता नव्या श्रमसंहितांत विलीन झाला) मात्र घरी वळणारीलाही कामगार मानलं. एकच बाई, कायद्यात कामगार आणि पाहणीत स्वतःच्या धंद्याची मालकीण. हे तुला कुठलंही समीकरण सांगणार नाही. व्याख्या वाचून कळेल. म्हणून म्हणते, आधी फॉर्म बघ.

श्रमबल सहभागाचंही, म्हणजे काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्यांच्या प्रमाणाचंही, तेच. पंधरा वर्षांवरच्या बायकांचा सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झाला. तुझे एक सर म्हणतात प्रगती झाली, दुसरे म्हणतात हलाखी वाढली, आणि तू दोघांच्या मध्ये अडकलीस. दोघांनाही विचार, वाढ कोणत्या रकान्यात झाली? ग्रामीण सहभाग २४.६ वरून ४७.६ वर गेला, शहरी २०.४ वरून जेमतेम २८ वर. काम करणाऱ्या बायकांत स्वयंरोजगाराचा वाटा ५१.९ वरून ६७.४ टक्के झाला, आणि घरच्या धंद्यात विनामोबदला हातभार लावणाऱ्यांचा ३१.७ वरून ३६.७. यातल्या किती बाया खरंच नव्याने कामाला लागल्या आणि किती आधीपासून राबत होत्या पण आता नोंदल्या गेल्या, हा प्रश्न आधी सोडव. नवऱ्याचं काम गेलं म्हणून बायको विड्या करायला बसते तेव्हाही सहभाग वाढतो. गिरण्या बंद पडत गेल्या तेव्हा सोलापूरने ते घरोघरी पाहिलं. १८७७ ची जुनी मिल काय, नंतरच्या गिरण्या काय, भोंगे थांबले आणि कित्येक घरांत विडीची मजुरी हीच ठरावीक कमाई उरली. त्याला कोणी प्रगती म्हटलं नाही.

तू लिहिलंयस, एका घरी सासरे म्हणाले, 'सून घरीच असते, काही करत नाही,' आणि ती सून आतल्या खोलीत विड्यांचे कट्टे बांधत होती. तुझ्या फॉर्मवर तिची नोंद झाली ९२ या सांकेतिक आकड्याने, म्हणजे फक्त घरकाम. आपल्या डोळ्यांनी कट्टे बघून तू ९२ लिहिलंस! का? तर 'कुटुंबप्रमुखाने सांगितलं.' ही गोष्ट तू पत्रात ताजा कलम म्हणून खाली टाकलीस आणि वर चार पानं समीकरणातल्या सहगुणकांवर खर्च केलीस. ताजा कलम वर घे.

हे तुझ्या एकटीच्या नशिबी आलेलं नाही. अर्थतज्ज्ञ क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यामागे अमेरिकेच्या जुन्या नोंदी चिकाटीने तपासण्याचं काम आहे. तिथे लग्न झालेल्या बाईपुढे व्यवसाय म्हणून 'पत्नी' लिहून मोकळे होत, मग ती शेतात राबो की घरी बसून माल तयार करो. त्यांनी त्या नोंदी दुरुस्त केल्या, तेव्हा जुन्या काळातला सहभाग कितीतरी वर गेला आणि दोनशे वर्षांची रेघ सरळ चढती न राहता आधी उतरून मग चढणारी निघाली. आपल्याकडे अर्थतज्ज्ञ देवकी जैन यांनी सत्तरच्या दशकात राजस्थान आणि बंगालच्या खेड्यांत बायकांचा दिवस तासातासाने नोंदवून घेतला. १९८८ मध्ये 'सेवा' संघटनेच्या इला भट्ट यांच्या, स्वयंरोजगारातल्या स्त्रियांवरच्या राष्ट्रीय आयोगाने 'श्रमशक्ती' अहवालात हेच मांडलं. यातल्या कोणीही तक्त्यापासून सुरुवात केली नव्हती.

मला लोक म्हणतात, बाईंनी आयुष्यभर प्रश्नावल्या घासल्या, छापलं काय? खरं आहे, थोडंच छापलं. एका नियतकालिकाने माझा विडीवरचा लेख परत पाठवला. नमुना लहान, प्रश्न कसे विचारले यावर फार पानं, ती काढा म्हणाले. मी काढली नाहीत. बढती उशिरा आली, बरोबरीचे पुढे गेले. तरी ती पानं काढायला नको होती असंच मला आजही वाटतं, कारण लेखात खरं काय ते तिथेच होतं. हळहळ वेगळ्या गोष्टीची आहे. गिरणीतल्या जुन्या बायकांकडून मी जे लिहून घेतलं ते वह्यांत राहिलं, आणि त्यांतल्या बहुतेकजणी आता नाहीत. त्यांना परत जाऊन एक प्रश्नही विचारता येत नाही. तुझ्या बाया आहेत. विडी कामगारांच्या वस्तीला, कुंभारीला, बस जाते. मग विषय बदलण्याची घाई कसली?

मार्गदर्शकांशी भांडू नकोस. त्यांना अर्थतज्ज्ञ हेकमन यांचा १९७९ चा लेख आठवून दे. मजुरी दिसते ती फक्त कामावर असलेल्यांची, बाकीच्यांना वगळून काढलेला निष्कर्ष तिरका येतो, हे त्यांना मान्यच आहे. मग म्हण, सर, कामावर कोण आहे हेच आपण चुकीचं नोंदवलं असेल तर? एवढं म्हटलंस तरी ते ऐकतील, माणूस हट्टी आहे पण प्रामाणिक आहे.

फॉर्ममध्ये एवढं कर. 'काम करता का?' हा प्रश्न काढून टाक. त्याजागी काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलं ते विचार, ज्या बाईचं उत्तर हवं तिलाच विचार, आणि तेलुगू येणारी मैत्रीण सोबत ने, कारण तिथल्या पुष्कळ घरांत तेलुगू बोलतात. सासऱ्यांना हवं तर दुसऱ्या फॉर्मवर तेच प्रश्न विचार, दोन्ही उत्तरं जपून ठेव. त्या दोन उत्तरांतल्या फरकाचंच एक प्रकरण होईल. कार्ड कोणाचं आणि हात किती, हे दोन वेगळे रकाने कर. खराब ठरवलेल्या विड्या आणि पदरची पानं यांना आणखी दोन. दुपारी जाऊ नकोस, तेव्हा बाया माल द्यायला गेलेल्या असण्याचा संभव असतो. कधी गेलेलं चालेल ते त्यांनाच विचार.

आणि पुढच्या वेळी मला तक्ते पाठवू नकोस. भरलेले फॉर्म पाठव, खाडाखोड आहे तसे. नव्याने लिहून काढलेस तर मी वाचणार नाही.

तुझी,
बाई