वाचक विचारतात : सूर्य नेमका डोक्यावर केव्हा?

अयनदिन (सूर्य उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे वळतो तो दिवस), संक्रांत, सावल्या आणि ऋतू यांविषयी सीमाभागातून आलेली पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत. आकडे बेळगाव शहराचे आहेत (अक्षांश १५.८५ उत्तर, रेखांश ७४.५ पूर्व). वेळा नेहमीच्या घड्याळाच्या.

प्रश्न : २१ जूनला दिवस सर्वांत मोठा असतो असे पुस्तकात आहे. मग आमच्याकडे ऊन एप्रिल-मेमध्येच का भाजते? जूनअखेर तर स्वेटर काढावा लागतो. पृथ्वी तेव्हा सूर्यापासून लांब जाते म्हणून का?
*– एक विद्यार्थिनी, खानापूर*

पृथ्वी जुलैत लांब जाते हे खरे, पण कारण ते नव्हे. जुलैच्या ४-५ तारखेला सूर्य १५.२१ कोटी किलोमीटरवर असतो आणि जानेवारीच्या ३-४ तारखेला १४.७१ कोटींवर. अंतराने ऋतू ठरले असते, तर जानेवारीत साऱ्या जगभर उन्हाळा झाला असता. प्रत्यक्षात तो ऑस्ट्रेलियात असतो आणि आपण शेकोटीपाशी बसलेलो असतो.

ऋतू होतात ते पृथ्वीचा आस २३.४४ अंशांनी कलला आहे म्हणून. हा कल वर्षभर एकाच दिशेला, ध्रुवताऱ्याकडे असतो. त्यामुळे जूनमध्ये उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकलेला असतो आणि डिसेंबरमध्ये त्याच्यापासून पाठ फिरवलेला. त्याचे परिणाम दोन. एक, दिवसाची लांबी : बेळगावात २१ जूनचा दिवस १३ तास ४ मिनिटांचा, २१ डिसेंबरचा ११ तास ११ मिनिटांचा. दुसरा, उन्हाचा तिरपेपणा : एक चौरस मीटर तोंडाचा प्रकाशझोत डिसेंबरात भर दुपारी १.२९ चौरस मीटर जमिनीवर पसरतो, जूनमध्ये जेमतेम १.०१ वर. ऊन तेवढेच, वाटेकरी जास्त.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. ‘जूनमध्ये सूर्य सर्वांत वर’ हा नियम कर्कवृत्ताच्या उत्तरेकडच्या गावांचा आहे. आपण कर्कवृत्ताच्या बऱ्याच दक्षिणेला राहतो. सूर्य उत्तरेकडे जाताना मेच्या ३-४ तारखेलाच आपल्या डोक्यावरून पुढे जातो आणि परतताना ऑगस्टच्या ८-९ तारखेला पुन्हा डोक्यावर येतो. २१ जूनला तो दुपारी डोक्याच्या साडेसात अंश उत्तरेला असतो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्यापासून दहा अंशांच्या आतच फिरतो. म्हणजे सूर्याच्या हिशेबाने हे पाचही महिने जवळपास सारखे. त्यांतला उन्हाळा कुठला आणि पावसाळा कुठला हे मग ढग ठरवतात. एप्रिल-मेमध्ये आकाश मोकळे आणि जमीन कोरडी, जूनमध्ये सह्याद्रीवर ढग ठाण मांडतात आणि ओली जमीन उष्णता वाफेत घालवते. बेळगावची साडेसातशे मीटर उंची वर आहेच. ऑक्टोबरात ढग हटले की पुन्हा चटका बसतो, तोही याच हिशेबाने.

प्रश्न : उत्तरायण २१ डिसेंबरला सुरू होते की संक्रांतीला? आमच्या गल्लीत दरवर्षी तिळगुळाबरोबर हा वादही वाटला जातो.
*– निपाणीचे एक वाचक*

सूर्य प्रत्यक्ष उत्तरेकडे वळतो तो २१ किंवा २२ डिसेंबरला. संक्रांत वेगळ्या गोष्टीची : सूर्य तारकांच्या पार्श्वभूमीवर निरयन मकर राशीत शिरतो त्या क्षणाची. सुमारे १७०० वर्षांपूर्वी या दोन्ही घटना एकाच दिवशी होत. पण पृथ्वीचा आस स्वतःभोवती सावकाश वर्तुळ घेतो, एका फेरीला सुमारे २५,८०० वर्षे. त्यामुळे दर ७२ वर्षांना एका अंशाचा, म्हणजे साधारण एका दिवसाचा फरक पडतो. आजवर तो २४ अंशांवर गेला आहे. हेच पंचांगातले अयनांश.

सरकत जाणारी ही तारीख इतिहासातही दिसते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि त्या दिवशी संक्रांत होती. आज ती १४ किंवा १५ ला येते. टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत ती १० जानेवारीच्या सुमारास होते, कारण त्यांनी राशिचक्राचा आरंभबिंदू वेगळा धरला आहे. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून जे राष्ट्रीय सौर पंचांग लागू झाले, त्याचे वर्ष विषुवदिनाशी, म्हणजे दिवस-रात्र सारखे असण्याच्या दिवसाशी, बांधलेले आहे. सणांनी मात्र जुनी वाट सोडली नाही.

‘संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो’ हे म्हणणे मात्र अगदीच चुकीचे नाही. २१ डिसेंबर ते १४ जानेवारी या काळात बेळगावचा दिवस वाढतो जेमतेम पाच-सहा मिनिटे. मार्चमध्ये तो रोज सुमारे ५४ सेकंदांनी वाढतो. कोणाच्या लक्षात येण्याजोगी वाढ संक्रांतीनंतरचीच.

प्रश्न : २१ डिसेंबर सर्वांत लहान दिवस, मग त्यानंतर पहाट लवकर व्हायला हवी. पण मी रोज सकाळी फिरायला जातो, जानेवारीत अंधार वाढलेलाच दिसतो. दिनदर्शिकेतली सूर्योदयाची वेळही जुळत नाही.
*– एक निवृत्त कर्मचारी, टिळकवाडी, बेळगाव*

तुमचे निरीक्षण बरोबर आहे. बेळगावात सर्वांत उशिराचा सूर्योदय २० जानेवारीच्या आसपास होतो, ७ वाजून ३ मिनिटांनी. २१ डिसेंबरला तो ६.५५ ला होतो. उलट सर्वांत लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या २०-२५ तारखांना होऊन गेलेला असतो, ५.५८ ला.

याचे कारण असे की सूर्याची माध्यान्ह घड्याळाच्या एकाच वेळेला होत नाही. आपले घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचे; बेळगाव त्याच्या ८ अंश पश्चिमेला, म्हणून आपली माध्यान्ह सरासरी ३२ मिनिटे उशिरा, १२.३२ ला. त्यातही पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेला, त्यामुळे ही वेळ मागेपुढे होते : नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२.१६, डिसेंबरअखेरीपूर्वी १२.३०, फेब्रुवारीच्या मध्याला १२.४६. डिसेंबरच्या शेवटी माध्यान्ह रोज अर्ध्या मिनिटाने पुढे सरकते. दिवस वाढतो तो सेकंदांनी आणि सरकतो अर्ध्या मिनिटाने. म्हणून सगळी वाढ संध्याकाळच्या पदरात पडते आणि पहाट आणखी लांबते.

दिनदर्शिकेचे म्हणाल, तर त्यातल्या वेळा कोणत्या गावच्या आहेत ते आधी पाहा. बऱ्याचदा त्या मुंबईच्या असतात. मुंबई आपल्या वायव्येला आहे. त्यामुळे २१ डिसेंबरला दोन्हीकडे सूर्यास्त एकाच मिनिटाला (६.०६) होतो, पण सूर्योदय बेळगावात १२-१३ मिनिटे आधी. जूनमध्ये बरोबर उलटे : सूर्योदय सारखा (६.०२), सूर्यास्त बेळगावात तितकाच आधी. सरसकट ‘सात मिनिटे वजा करा’ म्हणणाऱ्यांचे म्हणूनच चुकते.

प्रश्न : नववीच्या मुलांकडून काठीच्या सावलीवरून अक्षांश आणि पृथ्वीचा कल काढून घ्यायचा आहे. मागे करून पाहिले तेव्हा उत्तर एक-दोन अंशांनी चुकत होते. कुठे बिघडत असावे?
*– एक शिक्षिका, चिकोडी तालुका*

बहुधा तीन ठिकाणी. एक, जमीन सपाट नसते. अंगणाला पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेलाच असतो. दोन, बारा वाजताची सावली मोजली जाते. तीन, आणि हे फारसे कोणी सांगत नाही : सावलीचे टोक पुसट असते. सूर्य बिंदू नाही, त्याची थाळी अर्ध्या अंशाची आहे. एक मीटर काठीच्या टोकाशी डिसेंबरात दीड सेंटिमीटरचा धूसर पट्टा पडतो. मुले गडद भागाच्या कडेपर्यंत मोजतात, ती सूर्याच्या वरच्या काठाची सावली. पाव अंश तिथेच गेला.

उपाय सोपा आहे. काठीचे टोक वापरूच नका. एक पातळ पत्रा घ्या, त्याला ५ मिलिमीटरचे भोक पाडा आणि स्टँडवर असा आडवा बसवा की भोक जमिनीपासून बरोबर १०० सेंटिमीटरवर येईल. पत्र्याच्या सावलीत उजेडाचा एक ठिपका पडेल. ती सूर्याची प्रतिमा. तिचा मध्य पेन्सिलीने दाखवता येतो, चूक एक-दोन मिलिमीटरची. भोकातून ओळंबा सोडून खाली ‘पाया’ची खूण करा, सगळी मापे या खुणेपासून. खाली प्लायवूडचा फळा ठेवा आणि गवंड्याच्या लेव्हल नळीने दोन्ही दिशांना समतल करून पाचरी मारा. समतल केल्यावरच उंची पुन्हा मोजा, नाहीतर पाचरीची जाडी उंचीतून वजा झालेली असते.

आधी उत्तर दिशा. होकायंत्र नको, शाळेच्या स्लॅबमधली सळई आणि लोखंडी बाक त्याला बहकवतात. पायाभोवती वर्तुळ काढा, डिसेंबरात १२५ सेंटिमीटर त्रिज्येचे. ठिपका सकाळी साधारण सव्वादहाला आणि दुपारी पावणेतीनला वर्तुळावर येतो. त्या दोन खुणांमधला कोन दुभागला की उत्तर-दक्षिण रेषा मिळाली. आपल्याकडच्या जुन्या ज्योतिषांचे शंकुयंत्र हेच. नंतर कोणत्याही दिवशी ठिपका या रेषेवर येईल ती खरी माध्यान्ह, घड्याळ काहीही म्हणो.

माध्यान्हीची अंतरे अशी यायला हवीत : २१ डिसेंबरला ८१.८ सेंटिमीटर उत्तरेकडे, २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास २८.४ उत्तरेकडे, मेच्या ३-४ तारखेला शून्य, २१ जूनला १३.३ दक्षिणेकडे. निपाणी-चिकोडीला शून्य सावली दोन दिवस उशिरा, मेच्या ५-६ तारखेला. खानापूरला बेळगावच्या एखादा दिवस आधी. त्या सुमारास अंतर रोज फक्त अर्धा सेंटिमीटर बदलते, त्यामुळे एक दिवस ढग आले तर दुसऱ्या दिवशी पाहा. वेळ १२.२९. ऑगस्टची शून्य सावली पावसामुळे आपल्याकडे क्वचितच सापडते.

विषुवदिनाचे २८.४ भागिले १००, त्याचा व्यस्त टॅन्जंट १५.८५ अंश : हाच अक्षांश. (चिकोडीला अंतर २९.५ च्या आसपास येईल.) डिसेंबरचा कोन ३९.३ अंश, त्यातून अक्षांश वजा केला की २३.४ उरतात. तोच पृथ्वीचा कल. २१ जूनचे निरीक्षण मिळाले तर चांगलेच, पण त्यावर विसंबू नका. मृगाच्या ढगांतून ठिपका पडत नाही.

मुलांना अयनदिनाची तारीखही शोधू द्या, मात्र २१ डिसेंबरला फूटपट्टी घेऊन नव्हे. १६ ते २६ डिसेंबर या काळात ठिपका जेमतेम तीन मिलिमीटर हलतो; कोणता दिवस टोकाचा ते कळणारच नाही. त्याऐवजी १ डिसेंबरला ठिपक्याची खूण करून ठेवा. बेळगावात ती ७७ सेंटिमीटरच्या आसपास येते. जानेवारीत ठिपका परत त्याच खुणेवर केव्हा येतो ते पाहा. ११ जानेवारीच्या सुमारास येईल. दोन तारखांचा मध्य काढा.

प्रश्न : शाळू मृगात पेरला तर नुसताच उंच वाढतो, कणीस धरत नाही, असे जुने लोक म्हणतात. यात तथ्य आहे का?
*– एक शेतकरी, अथणी*

आहे. रब्बी ज्वारी लहान दिवसाचे पीक आहे. ती फुलोऱ्याचा इशारा रात्रीच्या लांबीवरून घेते. जूनमध्ये दिवस तेरा तासांचा, २३ सप्टेंबरच्या सुमारास बारा तास सात मिनिटांचा, ऑक्टोबरच्या मध्याला ११ तास ४८ मिनिटांचा. फरक तासाभराचाच, पण उष्ण कटिबंधातल्या गावरान जातींना तेवढा पुरतो. लवकर पेरलेले पीक दिवस आखूड होण्याची वाट पाहत पाने आणि ताटच वाढवत राहते. संकरित खरीप वाणांत ही सवय बरीचशी काढून टाकलेली असते, म्हणून ते जूनमध्ये चालतात.

प्रश्न : सोलर पॅनल बसवणारे म्हणाले, ‘३० अंश, दक्षिणेकडे तोंड, सगळीकडे असेच बसवतात.’ बरोबर आहे का?
*– शहापूर, बेळगाव*

दक्षिण बरोबर, ३० अंश दिल्लीकडचे. एकाच कोनात पक्के बसवायचे तर आपल्याकडे १६ अंश ठेवा. त्याने जून आणि डिसेंबर दोन्हीकडे दुपारचे किरण २३ अंशांनी तिरपे पडतात आणि दोन्ही वेळा तोटा आठ टक्क्यांवर थांबतो. ३० अंशांवर डिसेंबरात तोटा जवळपास नाही, पण जूनच्या दुपारी एकवीस टक्के. दहा अंशांपेक्षा खाली मात्र जाऊ नका. पावसाने धूळ धुऊन निघत नाही आणि खालच्या चौकटीपाशी चिखलाची रेघ बसते. स्टँडला दोन भोके असतील तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी ३०, बाकीचे महिने १०. भोके बदलताना बोल्टखालचे वॉशर हरवतात, ते आधीच जास्तीचे घेऊन ठेवा.