संगणक ऐन कामाच्या वेळी बंद पडतो

प्रश्न : मी लग्नसमारंभांच्या व्हिडिओंचे एडिटिंग करतो. चार वर्षांपूर्वी असेंबल करून घेतलेला माझा डेस्कटॉप एरवी दिवसभर बिनतक्रार चालतो. मात्र तयार व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला की दहा-पंधरा मिनिटांत सगळेच एकदम बंद पडते. ब्लू स्क्रीन येत नाही. विंडोज दोनदा नव्याने टाकून पाहिले. दुकानदार मदरबोर्ड बदलायला सांगतात. काय करावे?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : मदरबोर्डवर तूर्त एक रुपयाही खर्च करू नका. ब्लू स्क्रीन न येता, कोणी बटण दाबावे तसा संगणक बंद होत असेल, तर पहिला संशय उष्णतेवर आणि दुसरा वीजपुरवठ्यावर घ्यावा. विंडोज पुन्हा टाकून यातले काहीच सुधारत नाही. विंडोजच्या घडामोडींची नोंदवही असलेल्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर 41’ अशी नोंद सापडेल, पण संगणक नीट शटडाउन न होता बंद झाला एवढेच ती सांगते, कारण सांगत नाही.

एचडब्ल्यूइन्फो हा तापमान दाखवणारा मोफत प्रोग्राम सुरू ठेवून एक्स्पोर्ट लावा आणि शेजारी बसून आकडे पाहा. बहुतेक प्रोसेसर 95 ते 100 अंशांच्या आसपास आधी स्वतःचा वेग कमी करतात आणि तरीही तापमान चढत राहिले तरच संगणक बंद करतात. आकडा तिथवर पोहोचत असेल तर प्लग काढून कॅबिनेट उघडा व प्रोसेसरवरचा पंखा सोडवा. पंखा आणि त्याखालच्या कूलरच्या धातूच्या पट्ट्या यांच्यामध्ये धुळीचा नमद्यासारखा थर बसलेला असतो आणि तो वरून मुळीच दिसत नाही. पाते बोटाने धरून ब्लोअर मारा; हा कूलर प्रोसेसरवरून काढलाच, तर त्याखालची जुनी वाळलेली थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप) पुसून नवी लावा. आपल्याकडच्या नवतप्यात हे विशेष महत्त्वाचे, कारण खोलीचे तापमान 10 अंशांनी वाढले की प्रोसेसरचेही जवळपास तेवढेच वाढते. कॅबिनेट डेझर्ट कूलरच्या थेट झोतात मात्र ठेवू नका. त्या दमट हवेत धूळ चिकटून बसते.

प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड 75 अंशांवर असतानाही संगणक गेला, तर वीज तपासा. आपल्याकडे घरोघरी दिसणारा 600 व्हीएचा यूपीएस साधारण 360 वॅटच देतो, आणि एक्स्पोर्टच्या वेळी प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड व मॉनिटर मिळून त्यापुढे सहज जातात. एकदा यूपीएस वगळून, अर्थिंग असलेल्या सॉकेटवर थेट जोडून पाहा. तरीही बंद पडला तर ओळखीच्या माणसाकडून पुरेशा वॅटचा चांगला एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा) तासभर मागून लावा; सीताबर्डीच्या बाजारात नवा घेण्याआधी एवढी खात्री हवीच.

तोवर एखाद्याची फिल्म अडली असेल, तर कॅबिनेटची बाजूची पत्रा-झडप काढून, समोर टेबलफॅन लावून, पहाटेच्या गारव्यात ती तुकड्यातुकड्यांनी एक्स्पोर्ट करा.