जिवंत विषाणू लागतोच का?

चि.,

आईला वाटतं प्रयोगशाळेत साठवलेले विषाणू जाळून टाकावेत, तुझ्या संशोधनाच्या गाईडला वाटतं नवे वाढवावेत. मधे तू. तूर्तास दोघांचंही ऐकू नकोस.

जाळून काय होणार? निपाहसारखा जीवघेणा विषाणू वटवाघळांत राहतो, आपल्या फ्रीजरवर त्याचं काही अडत नाही. 2018 मध्ये केरळातल्या कोझिकोडचे नमुने पुण्याच्या विषाणू संस्थेत आले आणि निपाहच असल्याची खात्री झाली, कारण ते काम इथे आधीपासून चालू होतं. 1957 मध्ये कर्नाटकात क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली तेव्हाही पुण्याचीच माणसं गोचिड्या गोळा करत हिंडली. त्या साथीच्या विषाणूने प्रयोगशाळेतली माणसंही आजारी पाडली. आईला हेही सांग.

आणि फेलोशिप सोडू का, काय विचारतेस? प्रत्येक प्रयोगाआधी वहीत लिही: याच्या उत्तराला जिवंत विषाणू लागतोच का? निदानाला लागत नाही. निष्क्रिय केलेल्या नमुन्यावर पीसीआर होतो. प्रतिपिंडं विषाणूला अडवतात का, हे बरंचसं सुडोव्हायरसवर, म्हणजे खऱ्याचं फक्त बाहेरचं आवरण चढवलेल्या निरुपद्रवी विषाणूवर कळतं, तेही बीएसएल-2 मध्ये, म्हणजे मध्यम सुरक्षेच्या साध्या प्रयोगशाळेत. लस खऱ्या विषाणूपुढे टिकते का, हे बघायला मात्र लागतो. तिथे संरक्षक सूट चढव आणि बेलाशक आत जा.

2011 मध्ये रॉटरडॅम आणि विस्कॉन्सिनच्या गटांनी बर्ड फ्लूचा विषाणू बदलून फेरेटमध्ये (मुंगसासारखा छोटा प्राणी) हवेतून पसरेल असा केला. म्हणे, पुढचा धोका आधी ओळखता येईल. मला तेव्हा पटलं नव्हतं, आजही पटत नाही. लागतोच का?

‘माझी तयारी आहे’ असं लिहितेस. तुझ्या तयारीचं काय घेऊन बसलीस! 1978 मध्ये बर्मिंगहॅमला जॅनेट पार्कर देवीने गेल्या. त्या विषाणूवर कामसुद्धा करत नव्हत्या. प्रयोगशाळेच्या वरच्या मजल्यावर फोटोग्राफर होत्या. विषाणू कुठल्या वाटेने वर गेला, यावर अजून वाद आहे. त्यांची तयारी कोणी विचारली होती?

हाच प्रश्न विचारून मी एका मोठ्या प्रकल्पातून बाहेर पडलो. पेपर दुसऱ्यांचे आले, मला भित्रा म्हणाले. बढती हुकल्याचं फार नाही. माझ्यानंतर तिथे तो प्रश्न कोणी काढलाच नाही, हे सलतं. तरी बाहेर पडलो ते बरोबरच होतं. हो, बरोबरच.

तू मात्र आत राहूनच विचार, पोरी. जैवसुरक्षा समितीकडे अर्ज जाण्याआधी. गाईड चिडला तर मला फोन कर. उत्तर दिलं, तर वहीत उतरवून त्याखाली त्याची सही घे.